हाताने चालवली की स्क्रिप्ट फोटो काढते, क्रॉनने चालवली की काढत नाही (मोहोर, कॅमेरा आणि मी)

कलमवाला (रवि, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज अडलोय म्हणून लिहितोय.

देवगड तालुक्यात आमची कलमं आहेत. मी पुण्यात, आईबाबा गावी. बाबा गेली तीसेक वर्षं कॅलेंडरच्या पाठच्या बाजूला मोहोराच्या तारखा लिहितात. विहिरीकडच्या कलमाला या आठवड्यात फुटला, गडग्याकडच्याला नुसती पालवीच आली, असं. यंदा दिवाळीत गावी गेलो तेव्हा एक रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (काडेपेटीएवढा लिनक्सवाला कॉम्प्युटर) आणि कॅमेरा मॉड्यूल ३ एका पारदर्शक डब्यात घालून पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधला. समोर अंगणातल्या कलमाची एक फांदी. सकाळी ७ पासून संध्याकाळपर्यंत दर १५ मिनिटांनी एक फोटो, फळ सुपारीएवढं होईपर्यंत. एवढंच काम आहे. घरचं वायफाय तिथवर पोचतं, त्यामुळे पुण्यातून आत शिरता येतं.

आता रडगाणं:

एका जुन्या लेखात दिलेली 'रास्पीस्टिल' ही कमांड माझ्याकडे सापडतच नाही. त्याच लेखातली 'व्हीसीजेनसीएमडी गेट_कॅमेरा' चालवली तर 'सपोर्टेड=०, डिटेक्टेड=०' असं उत्तर येतं. म्हटलं कॅमेरा मेला. मग कुठेतरी 'आरपीकॅम-स्टिल' वाचलं, ते चालवलं तर चक्क फोटो आला! पण तीच ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) टाकली की फोल्डर रिकामं. एरर नाही, काही नाही. आणि हाताने काढलेले निम्मे फोटो धूसर आहेत.

बाबांचं म्हणणं, "मोहोर पुण्यात बसून बघायचा असता तर देवाने आंबे हडपसरलाच लावले असते."

ता. क. कमांडी देवनागरीत लिहितोय. इथला एडिटर रोमनमधले दोन डॅश जोडून एक लांब डॅश करतो आणि मागच्या वेळी त्यावरून एका धाग्यावर शंभर प्रतिसाद झाले होते.

---

खटपट्या (रवि, रात्री १०:०५)

कॅमेरा मेलेला नाही, लेख मेलेला आहे.

रास्पीस्टिल, रास्पीव्हिड ही जुनी मंडळी. २०२१ मध्ये पायची ओएस बुल्सआय या आवृत्तीवर गेली तेव्हा लिबकॅमेरा ही नवी कॅमेरा यंत्रणा आली आणि कमांड झाली 'लिबकॅमेरा-स्टिल'. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत तिचं नाव बदलून 'आरपीकॅम-स्टिल' झालं. एकाच बाईचं माहेरचं, सासरचं आणि रेशनकार्डावरचं अशी तीन नावं. 'गेट_कॅमेरा' हा प्रश्न जुन्या यंत्रणेला विचारलेला आहे, तिला नव्या कॅमेऱ्याचा पत्ताच नसतो, म्हणून शून्य सांगते. खरं बघायचं असेल तर 'आरपीकॅम-हॅलो --लिस्ट-कॅमेराज' चालवा. आयएमएक्स७०८ (मॉड्यूल ३ चा सेन्सर) असं नाव दिसलं की केबल, सेन्सर सगळं ठीक.

आणखी एक. जुन्या लेखात '/बूट/कॉन्फिग.टीएक्सटी' बदला म्हटलेलं असतं. बुकवर्ममध्ये ती फाइल '/बूट/फर्मवेअर/' मध्ये गेली आहे. तुम्हाला तिथे काही करावं लागणार नाही, 'कॅमेरा_ऑटो_डिटेक्ट=१' असतंच. पण बरेच लोक भलत्या जागी ओळ लिहून रात्र काढतात. (मीही.)

क्रॉनची ओळ जशीच्या तशी टाका इथे.

---

सोलकढी (रवि, रात्री १०:११)

बंद करून परत चालू करून बघितलंत का?

---

कलमवाला (रवि, रात्री १०:३०)

@सोलकढी, बाबांनी दोनदा करून पाहिलं. एकदा तर खांब हलवून.

@खटपट्या, धन्यवाद. लिस्टमध्ये आयएमएक्स७०८ दिसतोय, ४६०८ बाय २५९२ पण दिसतंय. ही घ्या ओळ:

*/१५ ७-१७ * * * आरपीकॅम-स्टिल -एन -ओ /होम/पाय/मोहोर/$(डेट +%वाय%एम%डी_%एच%एम).जेपीजी

---

दगडूशेठ नव्हे (रवि, रात्री १०:३४)

देवनागरीत ही ओळ कुंडलीसारखी दिसतेय. मंगळ आहे का हो हिला?

---

निशाचर (रवि, रात्री ११:५८)

मंगळ आहे. टक्क्याच्या घरात.

क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. पहिल्या टक्क्याच्या पुढचं सगळं क्रॉन कमांडीला इनपुट म्हणून देतं, कमांडीचा भाग म्हणून नाही. म्हणजे तुमची कमांड 'डेट +' इथेच तुटते, कंस उघडाच राहतो आणि शेल (कमांड वाचून चालवणारा) चूक म्हणून सोडून देतो. टर्मिनलमध्ये तीच ओळ चालते कारण तिथे टक्क्याला काही अर्थ नाही. प्रत्येक टक्क्याआधी उलटा तिरका दांडा द्या, म्हणजे चालेल.

पण तसं करू नका. क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता ठेवा, बाकी सगळं स्क्रिप्टच्या पोटात. स्क्रिप्टमध्ये टक्का हवा तितका वापरा, तिथे क्रॉनची नजर जात नाही. कारणं आणखी आहेत. क्रॉनचा पाथ (कमांडी शोधायच्या जागांची यादी) अगदी तोकडा असतो, तुमची बॅशआरसी (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) ते वाचत नाही, आणि बॅशऐवजी एसएच हा साधा शेल वापरतं. म्हणून स्क्रिप्टमध्येही '/यूएसआर/बिन/आरपीकॅम-स्टिल' असा पूर्ण पत्ता लिहिलेला बरा.

आणि एरर येत नाही असं नाही, येते. क्रॉन ती मेलने पाठवायला बघतं, तुमच्या पायवर मेल नाही, म्हणून ती हवेत विरते. ओळीच्या शेवटी '>> /होम/पाय/मोहोर.लॉग २>&१' जोडा. क्रॉनच्या नव्वद टक्के तक्रारी या एका जोडणीने सुटतात. (हे नव्वद मी मनाने म्हटलेत, पुरावा मागू नका.)

---

आजोबा७१ (सोम, सकाळी ६:१५)

टक्क्याने मला २०१९ साली तीन दिवस छळलं होतं. बॅकअपची फाइल रोज रात्री बनायची नाही आणि दिवसा हाताने केली की बनायची. नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही जागे असलात की कॉम्प्युटर घाबरून काम करतो.

---

खटपट्या (सोम, सकाळी ९:२०)

+१ निशाचर. टक्का माझ्या नजरेतून निसटला.

पण मुळात क्रॉन कशाला? आरपीकॅम-स्टिललाच '--टाइमलॅप्स' आहे. मिलिसेकंदात द्यायचं, १५ मिनिटं म्हणजे ९,००,०००. सोबत '-टी ०' दिलं की तो न थांबता चालत राहतो. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) सगळं सलग, प्रत्येक फोटोला कॅमेरा नव्याने जागा व्हायची भानगड नाही.

---

निशाचर (सोम, सकाळी ९:४१)

शहरात राहणाऱ्याचा सल्ला. कोकणात लाइट गेली की टाइमलॅप्स संपला, ती परत आली की त्याला उठवणार कोण? क्रॉन आपोआप उठतं. शिवाय रात्रभर सेन्सर चालू ठेवून डबा तापवायचा कशाला?

---

खटपट्या (सोम, सकाळी ९:५०)

सिस्टमडी (लिनक्स सुरू होताच प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) सर्व्हिस करा, 'रिस्टार्ट=ऑलवेज' द्या. ती पण आपोआप उठते. क्रॉन म्हणजे रेडिओ ऐकून घड्याळ लावणं झालं.

---

सोलकढी (सोम, सकाळी ९:५२)

चला, सिस्टमडी आलं. आता हा धागा आंब्याच्या सीझनपर्यंत चालेल. 🍿

---

मैनाताई (सोम, दुपारी १:१०)

भांडणं चालू द्या, मी धूसर फोटोंचं सांगते. माझ्या नागपूरच्या गच्चीत पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्यावर हाच मॉड्यूल ३ आहे, दीड वर्षं झालं.

याला ऑटोफोकस आहे, हेच तुमचं दुखणं. डब्याच्या पारदर्शक भिंतीवर थेंब बसला, कोळ्याने एक धागा ओढला, वाऱ्याने पुढचं पान हललं की तो त्यावर फोकस करतो आणि फांदी धूसर होते. माझ्याकडे एकदा आठवडाभर रोज एका कोळ्याचे अत्यंत सुंदर, स्पष्ट फोटो आले. भांड्याचा एकही नाही.

फोकस कुलूपबंद करा: '--लेन्स-पोझिशन' आणि पुढे आकडा. आकडा असा काढायचा: लेन्सपासून फांदीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजा आणि १ ला त्याने भागा. दोन मीटर असेल तर ०.५, अर्धा मीटर असेल तर २. शून्य म्हणजे अनंत, दूरचा डोंगर. हा ऑप्शन दिला की कॅमेरा स्वतःची अक्कल चालवत नाही. टेप घेऊन बाबांना उभं करा, अंदाजाने सांगू नका. मी अंदाजाने १.५ मीटर म्हणाले होते, निघालं ८० सेंटीमीटर.

---

कलमवाला (सोम, रात्री ८:०२)

ताई, कोळी आहे! पुसायला सांगितला. बाबांनी आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं: एक मीटर ९५ सेंटीमीटर. म्हणजे ०.५१. ते देतो.

निशाचरजी, टक्का खरा गुन्हेगार. स्क्रिप्ट वेगळी केली, क्रॉनमध्ये फक्त तिचा पत्ता ठेवला, लॉग जोडला. पण फोटो अजूनही नाही!! आता निदान लॉग तरी बोलतोय. त्यात 'फेल्ड टू अॅक्वायर कॅमेरा' असं काहीतरी येतंय. दर १५ मिनिटांनी, इमानेइतबारे.

---

निशाचर (सोम, रात्री ८:२०)

म्हणजे कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे. एका वेळी एकच प्रोग्रॅम त्याला धरू शकतो. कुठे 'आरपीकॅम-हॅलो -टी ०' चालू ठेवून विसरलात का? 'पीएस एयूएक्स' (चालू प्रोग्रॅमची यादी) मध्ये 'आरपीकॅम' शोधा.

---

कलमवाला (सोम, रात्री ८:३१)

...

काल रात्रीपासून चालू होता. फोकस बघायला म्हणून दुसऱ्या खिडकीत टीमक्समध्ये (आपण बाहेर पडलो तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सोडला होता.

मारला. ८:३० ला हाताने स्क्रिप्ट चालवली, फोटो आला. सगळा काळा, कारण रात्र आहे. पण काय सुंदर काळा!

---

दगडूशेठ नव्हे (सोम, रात्री ८:३३)

अमावास्येचा मोहोर. फ्रेम करा.

---

मूर्तीकार पेणचा (मंगळ, सकाळी ११:००)

थोडं अवांतर, पण याच कमांडीचं आहे. कारखान्यात एक मूर्ती शाडूच्या गोळ्यापासून डोळे उघडेपर्यंत टाइमलॅप्स करायचा होता. माझ्याकडे जुना मॉड्यूल २ आहे, आयएमएक्स२१९ वाला, ८ मेगापिक्सेल. फोटोत आडवे काळे पट्टे यायचे, एकात वर, दुसऱ्यात खाली. वाटलं कॅमेरा गेला.

कारण ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, आणि सेन्सर फोटो ओळीओळीने वाचतो. शटर १०,००० मायक्रोसेकंद किंवा त्याच्या पटीत दिलं ('--शटर १००००', '२००००') की पट्टे गायब. सोबत '--गेन' (सेन्सर उजेड किती वाढवून दाखवतो ते) पण बांधून टाका, नाहीतर उजेड कमी झाला की तो गेन वाढवतो आणि मूर्तीवर दाणे उठतात.

झाडाला हे लागू नाही, उन्हात पट्टे येत नाहीत. कारखान्यातल्या किंवा घरातल्या कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. हो, मॉड्यूल २ ला ऑटोफोकस नाही. लेन्स हाताने फिरवायची, त्यासाठी पांढरं प्लॅस्टिकचं चक्र मिळतं. चिमट्याने फिरवू नका. कसं कळलं ते विचारू नका.

---

पिंपळपान (मंगळ, दुपारी ३:४५)

एक प्रामाणिक प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा बाजारातला वायफाय कॅमेरा का नाही घेत? हालचाल दिसली की मोबाइलवर कळवतो, रात्री पण दिसतं, पाच मिनिटांत लागतो. टक्के नाहीत, कोळी नाही.

---

मैनाताई (मंगळ, दुपारी ४:१५)

कोळी त्यावरही बसतो हो.

---

कलमवाला (मंगळ, रात्री ९:१०)

@पिंपळपान, प्रश्न बरोबर आहे. पण मला हलणारी वस्तू नको, न हलणारी हवी. आणि रंग पाहिजे. कलमाची कोवळी पालवी तांबूस असते. डोळा फुगला की पुढे पालवी येणार की मोहोर, हे बाबा फांदीजवळ उभं राहून रंग आणि आकार बघून सांगतात. कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने रंग ठरवला तर त्या फोटोचा मला उपयोग नाही.

आणि हेच आता बिघडतंय. आज सकाळी ८ चा फोटो निळसर, १२ चा पिवळा, संध्याकाळचा परत निळसर. पान तेच. '--एडब्ल्यूबी डेलाइट' (ऑटो व्हाइट बॅलन्सला 'दिवसाचा उजेड आहे' असं सांगणं) देऊन झालं, थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

---

खटपट्या (मंगळ, रात्री ९:४०)

डेलाइट दिलं तरी ऑटोच असतो, फक्त त्याला फिरायला कमी जागा मिळते. दाव्याला बांधलेली गाय. पूर्ण थांबवायचा तर '--एडब्ल्यूबीगेन्स' द्या, दोन आकडे, लाल आणि निळा. आकडे कुठून आणायचे? भर दुपारी एक पांढरा कागद फांदीच्या जागी धरून, ऑटोवर ठेवून, '--मेटाडेटा' ने फोटोसोबतची माहिती फाइलमध्ये उतरवा. त्यात 'कलरगेन्स' दिसतील. तेच दोन आकडे कायमचे स्क्रिप्टमध्ये घाला.

मग सकाळचा फोटो सकाळसारखा सोनेरी दिसेल, ढगाळ दिवस निळसर दिसेल. तो खरा उजेड आहे, कॅमेऱ्याचा लहरीपणा नाही. एक्स्पोजर मात्र ऑटो ठेवा, बाहेरच्या उजेडात शटर बांधून चालत नाही. '-टी २०००' द्या, म्हणजे दोन सेकंद बघून मग क्लिक करेल. '--इमिजिएट' देऊ नका, एक्स्पोजर स्थिर व्हायच्या आत उरकतो.

क्रॉन राहू द्या. निशाचर जिंकला.

---

निशाचर (मंगळ, रात्री ९:४४)

हे वाक्य मी जपून ठेवतोय. वाचनखूण साठवली.

---

आजोबा७१ (बुध, सकाळी ५:५०)

एक धोका कोणी सांगितला नाही. लाइट जाते म्हणालात. पाय झीरोला घड्याळाची बॅटरी नसते. लाइट गेली की तो वेळ विसरतो. शेवटची लिहून ठेवलेली वेळ उचलतो आणि तिथून पुढे मोजायला लागतो, इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत. आता तुमच्या फाइलचं नावच तारीख-वेळ आहे. समजा ११:५० ला लाइट गेली, दुपारी तीनला आली, पण राउटरला अजून नेट नाही. पायला वाटतं ११:१७ वाजलेत. तो ११:३० चा फोटो काढतो आणि सकाळच्या खऱ्या ११:३० च्या फोटोवर बसवतो. सकाळचा गेला, दुपारचा खोट्या नावाने राहिला.

डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ मिळतं, गोल बॅटरीसकट. पिनांवर बसतं, कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये 'डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१' ही ओळ. ते येईपर्यंत स्क्रिप्टमध्ये एवढं तरी करा: त्या नावाची फाइल आधीच असेल तर नावापुढे एक आकडा जोड. माझ्या बॅकअपचं असंच झालं होतं, टक्क्याच्या नंतर.

---

कलमवाला (बुध, रात्री १०:२०)

आजोबा, दंडवत. रविवारी लाइट गेली होती, त्यानंतर नेमकं हेच झालेलं असणार, पण तेव्हा फोटोच नव्हते म्हणून कळलं नाही! घड्याळ मागवलं. 'आधीच असेल तर' वाली ओळ घातली.

आजची स्थिती: ४४ पैकी ४४ फोटो. एक साधारण ४ एमबी, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे एमबी, ३२ जीबीच्या कार्डात सीझन निघेल. फोकस पक्का, रंग पक्का.

दुपारी बाबांना १२ चा फोटो पाठवला. मी खाली लिहिलं होतं, "बाबा, मोहोर!!" त्यांनी झूम करून पाहिलं आणि उत्तर आलं, "ही पालवी. मोहोर त्याच्या मागल्या फांदीला आहे. कॅमेरा चुकीच्या फांदीवर लावलास."

म्हणजे अंतर परत मोजायचं. ताई, भागाकार तयार ठेवा.

एक शेवटची अडचण. सकाळी ७ आणि ७:१५ चे फोटो पूर्ण पांढरे येतात. डब्याच्या आत दव धरतं. तांदूळ ठेवू का, सिलिका जेल, की डब्याला भोक पाडू?

---

मैनाताई (बुध, रात्री १०:४१)

सिलिका जेल, आणि भोक खालच्या बाजूला, बारीक जाळी लावून. तांदळाला मुंग्या येतील.

---

सोलकढी (बुध, रात्री १०:४४)

किंवा क्रॉनमधल्या ७ चा ८ करा.

---

कलमवाला (बुध, रात्री १०:५०)

केला.